टोळी, तुकडी आणि पगारपत्रक

धरणगाव म्हटलं की मराठी वाचकाला बालकवी आठवतात. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० मध्ये तिथं जन्मले, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानं त्यांना ते नाव दिलं आणि १९१८ मध्ये जळगावजवळच्या भादली स्टेशनात रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. फुलराणीच्या या गावात त्यांच्या जन्माच्या पासष्ट वर्षं आधी एक फौज उभी राहिली होती, ही गोष्ट मात्र खान्देशातही फार थोड्यांच्या लक्षात आहे. ‘खानदेश भिल्ल कोअर’ असं त्या फौजेचं सरकारी नाव होतं. लोक तिला भिल्ल पलटण म्हणत. तिची आठवण मला ग्रंथालयात झाली नाही. ती झाली धुळ्यात, देवपुरातल्या बहिणीच्या घरी, भाच्याच्या मोबाइलमुळे.

भाचा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ खेळतो. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा हा खेळ २०१२ मध्ये आला. आता तो तसा जुना झाला, पण आमच्याकडची पोरं त्याला सोडायला तयार नाहीत. आपलं गाव वसवायचं, तटबंदी घालायची, छावणीत सैन्य भरायचं आणि दुसऱ्याच्या गावावर चालून जायचं, असा तो खेळ. सैन्याला पोरं ‘ट्रूप्स’ म्हणतात. एक असला तरी ट्रूप्स, दोनशे असले तरी ट्रूप्स. “भो, लई लूट भेटली, पण ट्रूप्स सगळे गेले,” असं तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. सगळे कसे गेले, जिंकलास ना तू, असं मी विचारलं. त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मामा, एकदा उतरवले की गेलेच. जिवंत राहिले तरी परत येत नाहीत.”

खेळाचा हा नियम खरोखरच तसा आहे. हल्ल्यात जो शिपाई मैदानात उतरला तो मेला काय आणि वाचला काय, हिशेबातून वजा होतो. जिवंत राहिलेल्याला परत आणायचं कुठं, त्याला पोसायचं कुणी, ही कटकटच नाही. पूर्वी नवे ट्रूप्स तयार करायला एलिक्झर नावाचा गुलाबी द्रव खर्च करावा लागे आणि वाटही पाहावी लागे. २०२२ मध्ये कंपनीनं तो खर्च काढून टाकला आणि २०२५ मध्ये वाट पाहणंही. आता सैन्य फुकट आणि तात्काळ मिळतं. छावणीतली जागा तेवढी मोजायची: बार्बेरियनला एक, जायंटला पाच, ड्रॅगनला वीस.

खेळणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून हे केलं, हे मला समजतं. पण फौज या गोष्टीतून नेमकं काय गाळलं गेलं, हे पाहायचं असेल तर खान्देशाइतकी चांगली जागा नाही. इथं दोनेकशे वर्षांपूर्वी सगळं युद्धच त्या गाळलेल्या गोष्टीवर चाललं होतं. ती गोष्ट म्हणजे पगार.

माणसांच्या समूहाला पटावर आणणं ही मूळची आपलीच करामत. बुद्धिबळाचा पूर्वज तो चतुरंग: पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ. महाभारताच्या आदिपर्वात या चार अंगांची मोजणी दिली आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तीन पत्तींचं सेनामुख, तीन सेनामुखांचा गुल्म, मग गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी असं तिपटीतिपटीनं चढत जायचं आणि शेवटी दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. कुरुक्षेत्रावर अशा अठरा. ही आकडेमोड ज्यानं केली त्याला खेळाची आवड होती याबद्दल मला शंका नाही. पण त्याच महाभारताच्या सभापर्वात नारद युधिष्ठिराच्या दरबारी येतात आणि प्रश्नांची सरबत्ती करतात. त्यातला एक प्रश्न असा, की सैनिकांचं अन्न आणि वेतन ठरल्या वेळी देतोस ना, लांबवत तर नाहीस? वेतन थकलं की चाकर धन्यावर उलटतात आणि त्यातून मोठा अनर्थ होतो, हेही ते बजावतात. अक्षौहिणी पटावर गेली. नारदाचा प्रश्न मागे राहिला.

युरोपात हा पट पुन्हा नव्यानं मांडला गेला तो प्रशियात. फॉन राइसविट्झ नावाच्या तोफखान्यातल्या तरुण लेफ्टनंटनं वडिलांच्या कल्पनेवर काम करून १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’, म्हणजे युद्धखेळ, सादर केला. एकास आठ हजार प्रमाणाचा खराखुरा नकाशा, त्यावर लाल आणि निळे ठोकळे, फासे आणि एक पंच. ठोकळा म्हणजे एक माणूस नव्हे, अख्खी तुकडी. किती माणसं पडली ते फाशावरून ठरे, पंच ते टिपून ठेवी, आणि नुकसान हद्दीपलीकडे गेलं की ठोकळा उचलला जाई. प्रशियाच्या सेनाप्रमुखाला हा प्रकार इतका पटला, की त्यानं तो पलटणीपलटणीत पोचवण्याची शिफारस केली. आजच्या सगळ्या व्यूहखेळांचा हा आजोबा. ठोकळ्यांना पगार नव्हता, कारण प्रशियाच्या अधिकाऱ्यांना त्याची काळजी नव्हती. तो खजिन्यातून वेळेवर येत होता.

पुढे संगणक आले आणि ठोकळ्यांची चित्रं झाली. १९९९ च्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक’च्या तिसऱ्या भागात एक गंमत आहे. समोरच्या शत्रूचा नेमका आकडा दिसत नाही, समूहाचं नाव दिसतं. चारापर्यंत ‘थोडे’, पाच ते नऊ ‘काही’, दहापासून ‘टोळकं’, पन्नासपासून ‘झुंड’, असं वाढत हजारावर ‘लिजन’, म्हणजे रोमन पद्धतीची फौज. संख्या वाढली की टोळक्याची आपोआप फौज होते.

खान्देशाचा इतिहास वाचलेल्या माणसाला इथं हसू येईल. आमच्याकडे टोळीची फौज संख्येनं कधीच झाली नाही.

उलटा दाखला पेंढाऱ्यांचा. ते हजारांनी येत. १८०२-०३ मध्ये यशवंतराव होळकराच्या स्वारीनं खान्देश उजाड झाला, पाठोपाठ दुष्काळ आला, गावंच्या गावं ओस पडली आणि पुढची पंधरा वर्षं पेंढारी येत-जात राहिले. पण हजारांनी येऊनही त्यांना कुणी फौज म्हटलं नाही, कारण त्यांना पगार नव्हता. उलट लुटीची परवानगी मिळावी म्हणून तेच सरदाराला पालपट्टी भरत. पैसा खालून वर जाणारं हे सैन्य.

याच्या बरोबर विरुद्ध टोकाला शिवाजी महाराजांची घडी. सभासदाच्या बखरीत ती दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, मग हजारी, पंचहजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हे दोघं मला फार आवडतात, कारण पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा कुठल्याही खेळात नसतो. आठ महिने मुलुखगिरी, चार महिने छावणी. स्वारीला निघताना प्रत्येकाच्या जवळच्या चीजवस्तूची यादी व्हायची आणि परतल्यावर झडती. जास्त निघेल ते सरकारजमा किंवा पगारातून वळतं. लूट होती, पण ती सरकारच्या खात्यावर होती, आणि शिपायाला त्याचं ठरलेलं वेतन. लुटारू आणि शिपाई यांना वेगळं करणारी ही झडतीची वहीच होती, असं माझं मत आहे.

ती वही पुढच्या शतकात ढिली झाली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, त्यात पानिपतच्या मोहिमेची पत्रं आहेत. ती वाचताना भाऊसाहेबांच्या तोंडी तलवारीपेक्षा पैसाच जास्त येतो. रसद पाठवा, ऐवज पाठवा, गोविंदपंत बुंदेल्याकडची बाकी पाठवा. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ १९२७ पासून तिथं उभं आहे. तिथल्या दप्तरात हात घालणाऱ्यानं रणाच्या वर्णनांची आशा धरू नये. मराठी कागदांत लढाई दोन ओळींत उरकते आणि देण्याघेण्याचा मजकूर पानं खातो.

पेशवाईच्या अखेरीला खान्देशातल्या किल्ल्यांवर आणि गढ्यांवर अरबांची शिबंदी बसली होती. लढायला कडवे, पगाराला त्याहून कडवे. बाकी थकली की सरदाराच्या दारात धरणं धरायचं, त्याचं जेवणपाणी अडवायचं, किल्ला ताब्यात असेल तर हिशेब चुकता होईपर्यंत सोडायचा नाही, ही भाडोत्री शिपायांची तेव्हाची सर्वमान्य रीत होती. संप नावाची वस्तू गिरण्यांच्या आधी छावण्यांत होती.

शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानं होळकरानं सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना लिहून दिला, त्यात थाळनेर आलं. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन किल्ल्यासमोर उभा राहिला. धन्यानं तहावर सही केली होती, पण किल्लेदारानं तोफ डागली. पुढे दरवाज्यात बोलणी चालू असताना गोंधळ उडाला. कोण काय बोललं हे एकमेकांना कळलं नाही आणि आत गेलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर आतली सगळी शिबंदी, सुमारे तीनशे माणसं, कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. लंडनच्या पार्लमेंटात या युद्धाबद्दल आभाराचा ठराव आला, तेव्हा या फाशीवरून हिस्लॉपचं नाव वादात सापडलं. फाशी एकाची होती, त्याला नाव होतं, म्हणून वाद झाला. तीनशेंची ‘शिबंदी’ होती. तिच्यावर फार चर्चा झाली नाही.

आता भिल्लांकडे येऊ, कारण खरा मजकूर तिथं आहे.

सातपुडा, सातमाळा, अजिंठ्याचे डोंगर यांतले भिल्ल मराठी अमलात गावोगावचे जागले आणि घाटांचे राखणदार होते. गावानं धान्याचा हक्क द्यायचा, त्यांनी वाट राखायची. हाही पगारच, फक्त शेतातून मिळणारा. १८०३ च्या दुष्काळानंतर गावं उठली आणि हक्क बुडाले. जागले डोंगरात गेले आणि राखायच्या वाटा मारू लागले. माणसं तीच, नाईक तोच, तिरकमठा तोच. देणं थांबलं तेव्हा राखणदारांची टोळी झाली. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी यावर काढलेला इलाज म्हणजे कौल देऊन बोलवायचं आणि कापायचं. १८०४ मध्ये बाळाजी लक्ष्मणानं कोपरगावला तसंच केलं. त्यामुळे सरकार बोलावतंय म्हणजे मारायला बोलावतंय, हे डोंगरात पोराबाळांना पाठ झालं होतं.

१८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जनं आणि त्याच्या मागून आलेल्यांनी ठाणी बसवली, पाठलाग केले, धान्याच्या वाटा तोडल्या. एक टोळी मोडली की दुसरी उभी राही. शेवटी १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यानं धोरण बदललं. तीन भिल्ल एजन्स्या निघाल्या. एक कन्नडला ओव्हन्स या अधिकाऱ्याकडे, तिथं नांगर-बैलांसाठी तगाई देऊन वस्त्या बसवायच्या. दुसरी नंदुरबारकडे. तिसरी ईशान्येची, तिचं काम भिल्लांचंच सैन्य उभारायचं. ती मिळाली २३ व्या पलटणीतल्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स औट्रामला. ठाणं धरणगाव.

औट्रामनं सुरुवात हल्ल्यानं केली, हे त्याच्या गौरवगाथांत गोडव्याखाली झाकलेलं असतं. अवचित छापा घालून त्यानं एक वस्ती उधळली, माणसं पकडली आणि त्या कैद्यांच्या नात्यागोत्यातून नाईकांपर्यंत निरोप पोचवले. मग मात्र तो एकटा, पहाऱ्याशिवाय त्यांच्यात जाऊन राहिला. ब्रँडी पाजली, शिकारी केल्या. खान्देशातल्या दहा वर्षांत त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी मारलेल्या वाघांचा आकडा त्याच्या चरित्रात दोनशेच्या वर दिला आहे. एवढं करून पहिल्यांदा पदरात किती माणसं पडली? पाच. पाच जण नशीब आजमावायला तयार झाले, आणि एवढ्या छोट्या सुरुवातीनं पुढचं यश नक्की झालं असं औट्रामनं लिहून ठेवलं आहे.

मला हा पाचाचा आकडा फार बोलका वाटतो. खेळात बराकीचं बटण दाबलं की माणूस बाहेर पडतो. कुठून आला, आधी काय करत होता, त्याच्या मागे कोण आहे, हे विचारायचं नसतं. इथं पाच माणसं मिळवायला एक हल्ला, कैदी, दारू, वाघ आणि स्वतःचा जीव ओलीस ठेवणं इतकं लागलं. पाचांनंतर मात्र गती आली. दोनेक वर्षांत शेकडो भिल्ल कवायत करू लागले, कारण पहिल्या पाचांना कुणी कापलं नव्हतं आणि पगार महिन्याच्या महिन्याला हातात पडत होता. डोंगरात बातमी पोचवायला याहून मोठा जाहीरनामा लागत नाही.

ही पलटण मालेगावच्या छावणीत गेली, तेव्हाचा एक प्रसंग कॅप्टन ग्रॅहमच्या १८४३ च्या भिल्लविषयक टिपणात आणि पुढच्या गॅझेटियरमध्ये येतो. २३ व्या पलटणीतल्या वरच्या जातींच्या शिपायांनी या भिल्लांना शेजारी बसवून पानसुपारी दिली. काल ज्यांना पकडायचं होतं ते आज पंक्तीला. इंग्रजांना हे शिस्तीचं यश वाटलं. मला वाटतं, शिपायाला शिपायाची ओळख पटली ती एकाच खजिन्यातून पगार घेण्यामुळे. जात काही मालेगावात गळून पडली नव्हती.

पलटणीला मग कामं मिळत गेली. तुरुंग आणि खजिन्यावर पहारे, डांगात मोहीम, चोपड्याकडच्या डोंगरांत तडवी भिल्लांवर चढाई. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोलच्या शेतकऱ्यांनी जमीन मोजणीविरुद्ध बंड केलं, तेव्हा ते दडपायला गेलेल्या सैन्यातही ती होती. डोंगरातल्यांना मैदानातल्यांवर सोडण्याची ही सोय सरकारला स्वस्त पडत होती.

आणि मग आंबापाणी. आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण खाज्या नाईकाच्या घराण्याकडे होती, त्याबद्दल सरकारी वेतन होतं. पकडलेल्या संशयिताच्या मृत्यूवरून त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. सुटल्यावर त्याला परत कामावर घेतलं खरं, पण १८५७ मध्ये तो उठला, भीमा नाईक त्याच्या बरोबर. सरकारी खजिन्याचा तांडा त्यांनी लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला त्यांची आणि इंग्रजी फौजेची मोठी लढाई झाली. भिल्ल स्त्रियाही झाडाझुडपांतून लढल्या, पकडलेल्या पुरुषांना जागच्या जागी चौकशी करून गोळ्या घातल्या गेल्या. समोरच्या फौजेत भिल्ल पलटण होती. दोन्ही बाजूंना भिल्ल, आणि खाज्या स्वतः कालपर्यंत सरकारी पगारपत्रकावर. १८६० मध्ये तो दग्यानं मारला गेला. आज त्याचं नाव क्रांतिकारकांत घेतात, ते योग्यच आहे. पण त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या भिल्लांचं काय करायचं, हा प्रश्न आपण टाळतो. त्यांना गद्दार म्हणणं घरात बसून सोपं आहे. त्यांनी पगार घेतला होता, आणि त्या डोंगरात पगाराला पर्याय काय होता हे त्यांच्या बापांनी १८०३ नंतर पाहिलं होतं.

एकोणिसावं शतक संपता संपता ही पलटण पोलीस दलात विरघळली. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. फौजेचे अवशेष आजही या पट्ट्यात आहेत, पण ते वेगळ्या रूपात. वरणगावच्या कारखान्यात १९६४ पासून बंदुकांच्या गोळ्या बनतात, धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा सहा क्रमांकाचा गट आहे. निवडणूक, दंगल, गणपती, जिथं लागेल तिथं त्याच्या कंपन्या जातात. वर्तमानपत्रात बातमी येते, ‘एसआरपीच्या दोन कंपन्या दाखल’. माणसं दाखल झाली असं कुणी लिहीत नाही.

खेळांवर अन्याय नको. पगार मोजणारे खेळही आहेत. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये सैन्य पोसावं लागतं. ‘टोटल वॉर’मध्ये प्रत्येक फेरीला तुकडीचा खर्च तिजोरीतून जातो. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’मध्ये खर्चाची पट्टी खाली ओढली की सैन्याचं मनोबल घसरतं, आणि ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये राजा कर्जात बुडाला की भाडोत्री फौज पाठ फिरवते. नारदांना हे खेळ पसंत पडले असते. पण हे पोरांच्या फोनवरचे खेळ नव्हेत. ते महागड्या संगणकावर, सुट्टीच्या दिवशी, चहाचे कप बाजूला ठेवून खेळायचे. फोनवरचं सैन्य फुकटच राहणार, कारण तिथं खर्च करायचा असतो तो खेळणाऱ्याच्या खिशातून.

भाच्याच्या क्लॅनमधली, म्हणजे खेळातल्या टोळीतली, दोन-तीन पोरं पहाटे मैदानावर पळतात. पोलीस भरती, एसआरपी, सैन्य, जे आधी निघेल ते. धुळे-जळगावात कुठल्याही मोकळ्या जागेवर पहाटे पाचला अशी पोरं दिसतात. कमरेला टायर बांधून ओढणारी, गोळाफेकीचा सराव करणारी, एकमेकांची वेळ मोजणारी. रात्री एलिक्झर, पहाटे सोळाशे मीटर. त्यांच्यापैकी एकाला मी विचारलं, की खेळातल्या ट्रूप्सना पगार नसतो हे तुला कधी खटकलं का? तो हसला. “ते गेमातले आहेत ना काका.” मग त्यानं मला अग्निवीराचा हिशेब सांगितला. २०२२ पासूनची ही योजना त्याला तोंडपाठ होती. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार निधीत कापले जातात, हातात एकवीस. चार वर्षांनी व्याजासह अकरा लाख एकाहत्तर हजार. शंभरातले पंचवीसपर्यंत कायम होतात, बाकीचे घरी. एवढ्या पैशात जळगाव रोडला गाळा मिळेल का, की पिकअप घ्यावी, की बहिणीचं लग्न आधी, यावर मैदानाच्या कडेला त्यांचा वाद सुरू झाला. पिकअपच्या बाजूनं दोघं होते, कारण केळीच्या हंगामात भाडं चांगलं भेटतं.